मुदत : सुप्याच्या होळीपासून अकलोलीच्या नोटिशीपर्यंत

वज्रेश्वरीच्या देवळापासून जवळच, तानसा नदीच्या काठी, अकलोलीची गरम पाण्याची कुंडे आहेत. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला आणि वसई घेतल्यावर तो देऊळ बांधून फेडला, ही कथा या भागात सर्वश्रुत आहे. देवाशी केलेल्या व्यवहारात मुदत नसते. नवस कधी फेडायचा हे फेडणाराच ठरवतो. आम्हा दोघांना हे सुचले ते नंतर. त्या दिवशी आम्ही एम.ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन सहलीला गेलो होतो, आणि कुंडावरून परतताना चहाच्या टपरीवर एका वृद्ध गृहस्थांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून वर्तमानपत्राचे एक पान काढून आमच्यापुढे धरले. घड्यांवर विरलेले ते पान म्हणजे भूसंपादनाची जाहीर सूचना होती. मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्गाचा एक टप्पा कागदोपत्री ‘शिरसाड ते अकलोली’ या नावाने ओळखला जातो. गरम पाण्यासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव त्यामुळे एका महामार्गाच्या दप्तरातही कायमचे नोंदले गेले आहे.

“मास्तर, ह्यात हरकत घ्यायची तारीख कुठली ते बघा जरा,” गृहस्थ म्हणाले. तारीख कधीच उलटून गेली होती. हरकतीसाठी एकवीस दिवस होते. “मला वाटलं, कोणीतरी घरी येऊन सांगेल,” एवढेच ते बोलले आणि पान पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवले. परतीच्या बसमध्ये एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, एकवीसच का? बावीस का नाही?” प्रश्न पोरकट वाटला तरी तसा नव्हता. कायद्याच्या अभ्यासकांना तो फारसा पडत नाही. आम्ही भाषेची माणसे, म्हणून त्याच्या मागे लागलो.

आधी शब्द पाहू. मुदत, मोहलत, वायदा, तारीख हे चारही शब्द अरबी मुळाचे, आणि फारसीच्या वाटेने मराठीत आलेले. व्यवहारातला काळ मोजण्याची आपली बरीचशी परिभाषा दरबारातून आणि दप्तरातून आली आहे. घरात आपण ‘वेळ’ म्हणतो, शेतात ‘वाफसा’ म्हणतो, पंचांगात ‘तिथी’ म्हणतो. पण कचेरीच्या उंबऱ्याशी गेलो की ‘मुदत’ सुरू होते. वेळ येते आणि जाते, वाफसा पुन्हा येतो, तिथी तर दर महिन्याला फिरून येते. मुदत मात्र संपते. शेतकऱ्याचा काळ वर्तुळाकार आणि कोर्टाचा काळ सरळ रेषेतला, असे एखाद्या चर्चासत्रात म्हटले तर टाळ्या मिळतील. आम्हाला ते अर्धेच खरे वाटते. कुणब्यालाही हप्त्याचा दिवस ठाऊक असतो. त्याला ठाऊक नसते ते एवढेच, की आपण काहीच न करता बसलो असतानाही कोठेतरी एक घड्याळ चालू आहे.

कायद्याचे म्हणणे थोडक्यात असे. हक्क आहे म्हणून तो केव्हाही मागता येत नाही. साक्षीदार मरतात, कागद फाटतात, आठवणी पुसट होतात. म्हणून ठराविक काळात दावा न आणणाऱ्याची दाद कोर्ट ऐकत नाही. आज लागू असलेला मुदतीचा कायदा १९६३ चा, १ जानेवारी १९६४ पासून अमलात आलेला. त्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे प्रतिवादीने आक्षेप घेतला नाही तरी मुदतबाह्य दावा कोर्टाने आपण होऊन फेटाळला पाहिजे. पाचवे कलम उशीर माफ करण्याचा अधिकार देते, ‘पुरेसे कारण’ दाखवले तर. परंतु ही माफी अपिलाला आणि अर्जाला आहे, मूळ दाव्याला नाही. दावेदार अज्ञान असेल, त्याची फसवणूक झाली असेल, तो चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे लढत राहिला असेल, तर तो काळ मोजणीतून वगळण्याची वेगळी कलमे आहेत. अडाणीपणासाठी कलम नाही.

जुन्या धर्मशास्त्रालाही हा प्रश्न पडला होता. आपल्या डोळ्यांदेखत दुसरा आपली जमीन वीस वर्षे उपभोगतो आहे आणि आपण गप्प आहोत, तर ती जमीन गेली. जंगम वस्तू असेल तर दहा वर्षांत गेली, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. त्यावर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर अडून बसतो. (हा विज्ञानेश्वर चालुक्यांच्या कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा. भिवंडीशेजारच्या कल्याणशी त्याचा संबंध जोडणारे उत्साही लोक आम्हाला भेटले आहेत.) त्याच्या मते मालकी अशी नुसत्या गप्प बसण्याने जात नाही, गेले ते त्या वीस वर्षांचे उत्पन्न. मौन म्हणजे हक्काचे दान नव्हे, हा भेद त्याने बाराव्या शतकाच्या सुमारास केला. १९६३ च्या कायद्याने नेमकी उलट बाजू घेतली आहे. स्थावराच्या दाव्याची बारा वर्षांची मुदत संपली की मिळकतीवरचा हक्कच नष्ट होतो, असे सत्ताविसावे कलम म्हणते.

मराठेशाहीतल्या वतनी तंट्यांचे कागद ज्यांनी चाळले आहेत त्यांना तेथे मुदत नावाची गोष्ट जवळजवळ दिसत नाही, हे जाणवले असेल. पाटीलकीचा एखादा वाद आजोबापासून नातवापर्यंत चालतो, राज्य बदलले की पुन्हा उभा राहतो, गोतसभेपुढे जातो, महजर होतो, दिव्य होते. वाद मिटतो तो काळ लोटल्याने नव्हे. हरलेल्या पक्षाकडून यजितखत लिहून घेतले जाई : मी खोटा, माझा यापुढे दावा नाही, अशी कबुली. शेवट करायचा तर प्रतिपक्षाच्या तोंडून करायचा. ही पद्धत गोरगरिबांना सोयीची होती असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. गोतात ज्याचे वजन त्याचा निवाडा, हे तेव्हाही होते. पण घड्याळाला निवाडा करू द्यायचा ही कल्पना मात्र आपल्याकडे इंग्रजी अमलाबरोबर रुजली.

पेशवाई बुडाल्यावर नऊ वर्षांनी, १८२७ मध्ये, मुंबई इलाख्यासाठी एल्फिन्स्टनच्या नावाने ओळखली जाणारी कायदेसंहिता आली. तिच्यात कर्जाच्या खतावर दावा करायला बारा वर्षांची मुदत होती. बारा वर्षे म्हणजे आपले एक तप. योगायोग असेल, पण लोकांच्या कानाला ओळखीचा होता. पुढे १८५९ च्या कायद्याने ही मुदत एकदम खाली आणली. नोंदणी न केलेल्या साध्या खतावर तीन वर्षे, नोंदलेल्यावर सहा. हेतू वाईट नव्हता. सावकाराने खत पेटीत ठेवून व्याज वाढू द्यायचे आणि दहा वर्षांनी कुणब्याच्या दारात उभे राहायचे, हे थांबावे. हिशेब ताजे असताना मिटावेत. कागदावर ही ऋणकोची सुटका होती.

प्रत्यक्षात काय झाले ते आकड्यांत पाहणे बरे. उदाहरणादाखल समजा, शंभर रुपये कर्ज, दरमहा शेकडा दोन व्याज. तीन वर्षांत सरळ व्याज ७२ रुपये होते. पूर्वीच्या मुदतीत सावकाराला घाई नव्हती. बारा वर्षे तो थांबला तरी सरळ व्याजाने येणे ३८८ रुपये होई, आणि मुद्दलाहून जास्त व्याज एका वेळी मागू नये हा दामदुपटीचा जुना हिंदू नियम लावला तर २०० च. आता तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला सावकार म्हणतो, मुदत सरत आली, एक तर पैसे टाक, नाही तर नवे खत लिहून दे, नाही तर मी कोर्टात जातो. पैसे नाहीत. मग नवे खत होते आणि त्यात मुद्दल म्हणून १७२ लिहिले जातात. जुने व्याज पोटात घेऊन ते मुद्दल झाले. सहा वर्षांनी २९६, नऊ वर्षांनी ५०९, बाराव्या वर्षी ८७५ रुपये. शिवाय दर खताला स्टँपचा खर्च आणि सावकार आधीच कापून घेतो ती मनोती. दामदुपटीचा नियम कोर्टाला तोंडपाठ असला तरी निरुपयोगी, कारण प्रत्येक नव्या खतावरचे मुद्दल कोरे करकरीत असते. जुने खत फाडले गेलेले, किंवा फाडले असे सांगून जपून ठेवलेले.

या सगळ्या व्यवहारात कुणब्याचा भाग म्हणजे खताखाली काढलेली नांगराची निशाणी. मराठी दस्तऐवजांतले हे चित्र आम्हाला नेहमी अस्वस्थ करते. ज्याला अक्षर येत नाही तो आपल्या नावाऐवजी आपले अवजार काढतो. म्हणजे त्या कागदावर तो अगदी खरा असतो, आणि तरीही वर काय लिहिले आहे ते त्याला ठाऊक नसते. आपल्या वाङ्मयेतिहासात बखरींना जागा आहे, पोवाड्यांना आहे. निशाणी नांगर असलेल्या या हजारो खतांना नाही. एकोणिसाव्या शतकातले सर्वांत अधिक परिणामकारक मराठी गद्य कदाचित तेच असेल.

पुढचा भाग इतिहासाच्या पुस्तकांत आहे, म्हणून भराभर सांगतो. अमेरिकेतल्या यादवीमुळे (१८६१–६५) कापसाला भाव आला, सावकारांनी हात सैल सोडले. युद्ध संपले, भाव कोसळले, त्याच दशकाच्या अखेरीस फेरजमाबंदीने सारा वाढला. सावकारांनी हात आखडला आणि जुन्या खतांवर दावे सुरू झाले. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात, म्हणजे शहाजीराजांच्या जहागिरीमुळे ‘पुणे–सुपे’ या जोडनावाने आपल्याला ठाऊक असलेल्या सुप्यात, लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. पुणे व नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले.

येथे मात्र थांबले पाहिजे. दंगेखोरांना हवे काय होते? खते आणि वह्या. धान्याची लूटही झाली, काही ठिकाणी घरे जळाली, पण ठिकठिकाणी एकच मागणी दिसते : खते बाहेर काढा. जेथे सावकाराने ती मुकाट्याने दिली तेथे प्रकरण बहुधा तेवढ्यावर मिटले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी अचूक ओळखले होते की आपला शत्रू दुकानात बसलेला माणूस जितका आहे त्याहून अधिक त्याच्या पेटीतला कागद आहे. मुदत त्या कागदात चालू होती. कागद जाळणे म्हणजे घड्याळ बंद पाडणे.

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने जी कारणे नोंदवली त्यांत मुदतीच्या कायद्याचाही समावेश होता. सरकारी साऱ्यावरचे लक्ष उडवण्यासाठी सावकारावर आणि कायद्यावर बोट ठेवणे सोयीचे होते, ही शंका तेव्हाच घेतली गेली आणि ती रास्त आहे. पुण्याची सार्वजनिक सभा साऱ्याकडे बोट दाखवत होती. तरीही आमच्या मते मुदतीचा मुद्दा निव्वळ पळवाट नव्हता. तो चुकीच्या रीतीने मांडला जातो एवढेच. पाठ्यपुस्तके सांगतात की मुदत तीन वर्षांवर आणली म्हणून पिळवणूक वाढली. तीनऐवजी पाच असती तर? नांगर पाच वर्षांनी काढला गेला असता. दोष मुदतीच्या लांबीत नव्हता, नव्या खताने जुन्या व्यवहाराचा सगळा इतिहास पुसला जात होता यात होता. कोर्ट फक्त शेवटचे पान वाचत होते.

१८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या दुःखनिवारणाचा कायदा, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून पुढे ‘डारा’ म्हटले गेले, तो आम्हाला म्हणूनच विलक्षण वाटतो. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो आला. त्याने दोन गोष्टी एकदम केल्या. शेतकऱ्यावरच्या पैशाच्या दाव्यांची मुदत वाढवली : नोंदलेल्या खतावर बारा वर्षे, इतर बाबतींत सहा. धनकोला अधिक वेळ दिला की ऋणकोचा गळा सुटतो, हे उफराटे शहाणपण सुप्याच्या होळीतून आले होते. आणि दुसरे, कोर्टाने खताच्या मागे जावे असे सांगितले. बाराव्या कलमात न्यायाधीशाला आज्ञा आहे की व्यवहाराचा अगदी आरंभापासूनचा इतिहास तपासावा. ‘इतिहास’ हाच शब्द कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात आहे. तेरावे कलम सांगते की मुद्दल आणि व्याज वेगळे मांडावे, व्याजावर व्याज धरू नये, मग पक्षकारांनी आपसांत काहीही लिहून दिलेले असो. पहिले शंभर रुपये शोधून काढायचे आणि तेथून मोजायला लागायचे. न्यायाधीशाला इतिहासकार करणारा असा दुसरा कायदा आम्हाला चटकन आठवत नाही.

खते गावच्या निबंधकापुढेच व्हावीत, पावती द्यावी, मागितल्यास दरसाल हिशेब द्यावा, कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशीही कलमे होती. पुढे या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती रानड्यांनी काम केले, १८९३ मध्ये उच्च न्यायालयात जाण्याआधी. रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकातल्या फिरतीच्या दिवसांकडे आपण संसारकथा म्हणून पाहतो. त्या मुक्कामांच्या आसपास कोठेतरी दप्तरे उघडली जात होती, जुनी खते लावली जात होती, हे ध्यानात ठेवून ती पाने पुन्हा वाचावीत. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा, म्हणजे हा कायदा नवा असतानाचा. कचेऱ्या आणि कोर्टे यांच्यावरचा जोतीरावांचा राग काहींना एकांगी वाटतो. पण कायदा कितीही शहाणा असला तरी तो समजावून सांगणारा, अर्ज लिहिणारा, तारीख वाचून दाखवणारा माणूस कोण, हा त्यांचा प्रश्न आहे. अकलोलीच्या त्या गृहस्थांचा प्रश्न यापेक्षा फार वेगळा नव्हता.

सावकारांनी या कायद्यालाही वाट काढली. गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घेणे ही त्यातली सर्वांत रुळलेली. कागदावर विक्री, तोंडी गहाण. पुन्हा कागदाचा आणि तोंडच्या शब्दाचा झगडा.

आता ठाणे जिल्ह्याकडे वळू. घाटावर मुदतीचा एवढा खल होत असताना खाली जंगलपट्टीत तिचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात लग्नगडी भेटतात : लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशांपायी सावकाराकडे राबणारे वारली. कायद्याच्या दृष्टीने ते कर्ज तीन वर्षांत मेलेले असे. प्रत्यक्षात ते माणसाहून अधिक जगे. त्यावर दावा कधी होणारच नव्हता, कारण दाव्याची गरज नव्हती. मग मुदत संपण्याचा प्रश्न येतो कोठे? मुदतीचा कायदा कोर्टाच्या दाराशी उभा असतो. ज्याची वसुली कोर्टाशिवाय होते त्याला तो कधीच अडवत नाही. तलासरी–डहाणू भागातला १९४५ चा वारल्यांचा उठाव हा या अर्थाने सुप्याचाच पुढचा अध्याय, फक्त येथे जाळायला खतेसुद्धा नव्हती.

१९७४ मध्ये महाराष्ट्राने आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा केला. भिवंडी, शहापूर, वाडा या तालुक्यांतल्या वारली आणि कातकरी वस्त्यांना त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन परत मिळू शकते, आणि त्यासाठी आदिवासीने अर्ज केलाच पाहिजे असे नाही. जिल्हाधिकारी आपण होऊन चौकशी सुरू करू शकतो. ज्याला घड्याळ दिसत नाही त्याच्या वतीने सरकारने घड्याळाकडे पाहावे, ही यामागची कल्पना. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. डारानंतर शंभर वर्षांनी कायदा पुन्हा एकदा कागदाच्या मागे गेला होता. अंमलबजावणी किती झाली हा वेगळ्या लेखाचा, आणि अधिक उदास, विषय आहे.

उशीर माफ करण्याविषयी न्यायालये काय म्हणतात, तेही पाहण्यासारखे आहे. १९८७ चा अनंतनागच्या जिल्हाधिकाऱ्याचा खटला वकील मंडळी ऊठसूट उद्धृत करतात. उशिराच्या प्रत्येक दिवसाचे स्पष्टीकरण द्या, या नियमाचा अतिरेक करू नका. मग प्रत्येक तासाचे, प्रत्येक सेकंदाचे का नको, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात उपरोधाने विचारले. न्याय आणि तांत्रिकता यांत न्यायाला कौल, अशी त्याची ख्याती. त्यात उशीर किती होता? चार दिवस. आणि उशीर केला होता कोणी? सरकारने, जमिनीच्या वाढीव मोबदल्याविरुद्ध अपील करताना. उदारतेचा हा आदर्श दाखला मुळात जमीन गेलेल्यांच्या विरोधात घडला, हे फारसे कोणी सांगत नाही. २०१२ मध्ये मात्र टपाल खात्याचा ४२७ दिवसांचा उशीर माफ करायला त्याच न्यायालयाने नकार दिला आणि सरकारसाठी वेगळे घड्याळ नाही असे बजावले.

देशभर एकदम घड्याळ थांबल्याचा प्रसंग आपल्या पिढीने पाहिला. २३ मार्च २०२० च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने महासाथीमुळे सगळ्या मुदती स्थगित केल्या. पुढे १५ मार्च २०२० पासून २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंतचा काळ मोजणीतून वगळला गेला. जवळपास दोन वर्षे मोजायचीच नाहीत, असे ठरले. तेव्हा कोणी म्हटले नाही की अशाने साक्षी-पुरावे विरतील. संकट सर्वांवर आले की पुरेसे कारण आपोआप पुरेसे होते. एकट्यावर आले की ते सिद्ध करावे लागते.

अकलोलीच्या पानाकडे परत येतो, कारण आम्ही नंतर तो कायदा काढून वाचला. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाप्रमाणे अधिसूचना निघाल्यापासून एकवीस दिवसांत हरकत घ्यायची. अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापायचा, त्यांपैकी एक तेथील भाषेतले. म्हणजे त्या गृहस्थांच्या पिशवीतले पान ही कायद्याने केलेली संपूर्ण सूचना होती. सरकारलाही मुदत आहे : वर्षभरात पुढची घोषणा झाली नाही तर अधिसूचना रद्द होते, पण कोर्टाच्या स्थगितीत गेलेला काळ त्यातून वगळला जातो. मोबदला मान्य नसेल तर लवादाकडे जायचे. लवादाचा निर्णयही मान्य नसेल तर तीन महिन्यांत कोर्टात. पुरेसे कारण दाखवले तर आणखी तीस दिवस, त्यानंतर नाही. हे ‘त्यानंतर नाही’ शब्दशः कायद्यात आहे, आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की येथे मुदतीच्या कायद्याचे पाचवे कलम उपयोगाचे नाही. हे तीस दिवसही उलटल्यावर आलेल्या माणसाची हकीकत कितीही खरी असो, ती ऐकण्याचा अधिकारच न्यायाधीशाला नाही. १८७९ च्या न्यायाधीशाला आरंभापासूनचा इतिहास ऐकण्याची सक्ती होती.

त्या विद्यार्थ्याला ‘बावीस का नाही’ याचे उत्तर आम्ही अजून देऊ शकलेलो नाही. मधल्या काळात त्याने एक केले : अकलोलीच्या त्या टपरीचा पत्ता मिळवून गृहस्थांना पत्र लिहिले, की हरकतीची मुदत गेली असली तरी मोबदल्याच्या निवाड्याची तारीख विचारून घ्या, कागदाची नक्कल मागा आणि ती मिळाल्याचा दिवस वहीत लिहून ठेवा. पत्राखाली त्याने स्वतः तारीख घातली होती.